चौदाव्या मिनिटाचा खोकला

१

‘उमिनेको’ दुपारी एकला उघडायचं. उघडायचं म्हणजे फुमिए आतून कडी काढायची आणि दारावरची पाटी उलटी करायची, एवढंच. खाली सुकवलेल्या माकुळांचं दुकान, वर हे, कॉफी पीत जॅझच्या रेकॉर्डी ऐकायचं. जिना चढेपर्यंत कपड्यांना माकुळाचा वास लागायचा आणि वर आलं की त्यावर कॉफीचा वास बसायचा. उत्तर जपानातल्या हाचिनोहे बंदरातल्या जुन्या लोकांना जॅझ म्हटलं की हे दोन वास आठवत.

दुकानाचे नियम चार, मास्टरांनी स्वतःच्या हाताने लिहून दारामागे लावलेले. रेकॉर्ड चालू असताना बोलायचं नाही. हवी ती रेकॉर्ड चिठ्ठीवर लिहून द्यायची. एका चिठ्ठीला एकच बाजू. आणि ऐकणाऱ्याकडे बघायचं नाही, कारण ऐकताना माणसाचा चेहरा कसा होतो हा ज्याचा त्याचा खाजगी मामला. पाचवा नियम लिहिलेला नव्हता, पण नेहमीच्या गिऱ्हाइकांना तो ठाऊक होता. आणखी कॉफी हवी असेल तर हळूच एकदा खोकायचं. तोंडाने मागायची सोय नाही म्हटल्यावर माणूस करणार काय?

मास्टर म्हणजे फुमिएचे यजमान, हिराबे तात्सुओ. सगळं गाव त्यांना मास्टर म्हणे, फुमिएसुद्धा. दुसऱ्याला नियम लावून स्वतः मोकळं राहणाऱ्यांतले ते नव्हते. मोठ्या भूकंपाच्या दिवशी कपाटं नाचत होती, पेले पटापट खाली येत होते, तेव्हा मास्टरांनी आधी जाऊन सुई उचलली, जागेवर ठेवली आणि मगच तोंड उघडलं, "टेबलांखाली शिरा." गिऱ्हाइकं पुढे वर्षभर जिन्यावर ही गोष्ट रंगवून सांगत होती. जिन्यावर बोलायला परवानगी होती. लग्नाचं विचारलं तेही मास्टरांनी रेकॉर्डची बाजू संपू दिली आणि मग. बाजू तेवीस मिनिटांची होती आणि फुमिएने पहिल्याच मिनिटाला मनातल्या मनात हो म्हणून टाकलं होतं.

त्यांचा नाद जगावेगळा होता. नावाजलेल्यांच्या रेकॉर्डी कोणीही जमवतो, असं ते म्हणत. त्यांनी जमवली ती कोणी विकत न घेतलेली माणसं. शिंपल्यांच्या कारखान्यात दिवसभर राबून संध्याकाळी ट्रम्पेट फुंकणारा एक. पुलाखाली उभा राहून वरच्या ट्रकांच्या साथीने कंट्राबास वाजवणारा दुसरा. शाळेच्या पियानोच्या तारांत चमचे अडकवून नोकरी घालवून बसलेली एक मास्तरीण. हे लोक पदरमोड करून शंभर प्रती काढायचे, घरच्यांना बसवून कव्हरं खळीने चिकटवायचे आणि पाच-पंचवीस खपल्या की उरलेल्या माळ्यावर टाकायचे. मास्टर आयुष्यभर असे माळे धुंडाळत फिरले. अडीच हजारांवर रेकॉर्डी आणि प्रत्येकीचं कार्ड.

एकीचं मात्र कार्ड नव्हतं. मास्टर गेल्यावर आवराआवर करताना ती फुमिएला सापडली, कपाटाच्या अगदी मागे, फडक्यात गुंडाळून भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. ओगासावारा काने नावाच्या बाईची. डबाबंद माशांच्या कारखान्यात काम करायची आणि बास क्लॅरिनेट वाजवायची, घशातून बोलल्यासारखा खर्जातला. ही एकच रेकॉर्ड तिने काढली, सात नोव्हेंबर १९७६ला, याच दुकानात, अकरा श्रोत्यांसमोर. फुमिए मास्टरांच्या आयुष्यात आली ती त्यानंतर पाच वर्षांनी.

तिने ती लावली. चौदाव्या मिनिटाला काने थांबते. दम घेते की पुढचा सूर शोधते कोण जाणे, पण खूप वेळ थांबते. त्या शांततेत डाव्या अंगाला, खिडकीपाशी, कोणीतरी हळूच खोकलं.

फुमिएच्या हातातला पेला सटकला. तीस वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाचा खोकला बायकोला कळणार नाही होय? जन्मभर दुसऱ्यांचे आवाज जपणाऱ्या या माणसाचा स्वतःचा आवाज कुठेच उरला नव्हता, ना कुठल्या टेपवर, ना फोनवर. उरला होता तो हा एवढाच.

तेव्हापासून रोज तीन वाजता, गिऱ्हाईक नसताना, ती ही रेकॉर्ड लावायची. खोकला आला की ताजी कॉफी भरून खिडकीजवळच्या खुर्चीपुढे ठेवायची आणि पुटपुटायची, "गरम आहे हं." रेकॉर्ड चालू असताना बोलायचा नियम तिने मोडला असेल तर तेवढाच. पाचला गार कॉफी ओतून पेला विसळायचा. वेड म्हणा, पण तीन वर्षं या वेडानेच तिला उभं ठेवलं होतं.

२

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी खोकला लवकर आला.

फुमिएच्या लक्षात आलं, कारण किटलीतलं पाणी अजून तापलं नव्हतं. तीन वर्षांत पाण्याचा आणि खोकल्याचा मेळ कधी चुकला नव्हता. तिने घड्याळ पाहिलं, बारा मिनिटं झाली होती. रेकॉर्ड जास्त वेगाने फिरत असेल असं तिला वाटलं. मास्टरांची ठिपक्यांची चकती काढून तिने गती तपासली. ठिपके जागच्या जागी होते, म्हणजे गती बरोबर होती. बाजूही नेहमीसारखी बावीस मिनिटांनीच संपली. म्हणजे काने होती तिथेच होती, खोकला तेवढा अलीकडे सरकला होता. दुसऱ्या दिवशीही तो कानेच्या सुरावरच आला, तिच्या शांततेची वाट न बघता.

मग त्याची जागा बदलली. मास्टरांनी तिला कानांनी खोली बघायला शिकवलं होतं. या रेकॉर्डमध्ये उजवीकडे काडी ओढणारा एक जण आहे, मधोमध करकरणाऱ्या बुटांचा एक आहे, मागे एक बाई पर्स उघडते आणि मिटते. खोकला नेहमी डाव्या स्पीकरच्याही डावीकडून यायचा, थेट खिडकीतून. आता तो मधोमध आला, बुटांच्या जवळ. आठवड्याने काडीवाल्याच्या पलीकडे. उजवीकडे, म्हणजे फुमिए उभी राहते त्या ओट्याच्या बाजूला.

तिने वायरी उलटसुलट करून पाहिल्या, सुई बदलली. कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आली. "या वयात असे कान? मला द्या निम्मे," डॉक्टर म्हणाला.

पेल्यातली कॉफीही पाचपर्यंत दोन बोटं कमी व्हायला लागली. स्टोव्हच्या उबेने आटत असेल, असं म्हणून तिने शेजारच्या टेबलावर दुसरा पेला भरून ठेवला. पाच वाजता दुसरा पेला काठोकाठ होता आणि खिडकीजवळचा अर्धा. त्याचा कान डावीकडे वळलेला होता. तिने तो निमूट उजवीकडे केला, कारण मास्टर उजव्या हाताने कॉफी पीत.

भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर तिला आनंद झाला होता. मास्टर जवळ येत होते. घोड्यावर बसून आलेले नव्हते ते कधीच, त्यांची चाल हीच होती, एकेक खुर्ची सरकत. तिने इतक्या वर्षांनी ओठांना लाली लावली.

३

ओनुमा-सान दर गुरुवारी पाचला येत. बर्फाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. मास्टरांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, आणि संग्रहाच्या बाबतीत त्यांचेच चेले. ते अर्ध्या जिन्यात बसकण मारत आणि फुमिए वरच्या पायरीवर उभी राहून बोले.

"हा जिना बदला म्हणून किती वर्षं सांगतोय. एक दिवस इथेच मरेन मी आणि लोक माझ्यावर पाय देऊन कॉफीला जातील."

"लोक कुठले आता? तुम्हीच मराल आणि तुम्हीच उठून वर याल. कॉफी चुकवणाऱ्यातले नाही तुम्ही."

ओनुमा-सान हसले आणि मान वर करून बघत राहिले. "लाली लावलीत का काय?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही. पण माझ्या हिने बघितलं तर विचारेल, दर गुरुवारी हा म्हातारा नेमका कुठे जातो."

फुमिए एक पायरी खाली उतरली आणि म्हणाली, "काने-सानच्या मैफलीला तुम्ही होतात ना?"

"होतो म्हणजे? खुर्च्या मीच वर चढवल्या. तेव्हा गुडघे होते मला."

"मास्टर खिडकीपाशी बसले होते. हो ना?"

"मास्टर? ते कुठले बसतात. ते दुकानाच्याही वर होते, आता तुमची झोपायची खोली आहे तिथे. टेपचं यंत्र घरघरायचं ना, म्हणून ते वर ठेवलं होतं. वायरी जिन्यातून खाली सोडलेल्या. दार लावून, कानांवर ते हेडफोनचं झापड घालून बसले ते शेवटपर्यंत. टाळ्या झाल्या तरी खाली आले नाहीत."

"मग खिडकीपाशी कोण होतं?"

"कोणी नाही. तिथे स्टोव्ह होता. मरायला कोण बसेल तिथे?"

फुमिए पायरीवर बसली. मग तिने त्यांना सगळं सांगितलं. खोकला, कॉफी, तीन वर्षं. लाजत सांगितलं, चोरी पकडल्यासारखं.

"मी एकदा विचारलं होतं त्यांना," ते शेवटी म्हणाले. "सगळ्या रेकॉर्डी लावता, हीच का नाही? तर म्हणाले, ‘त्या दिवशी मध्येच कोणीतरी खालून मला हाक मारली. मी गेलो नाही.’ म्हटलं, का हो नाही गेलात? तर म्हणाले, ‘वाजवणं चालू असताना हाक मारतो तो आपला माणूस नसतो.’ मला वाटलं नेहमीसारखी नियमांची टिमकी वाजवतायत. हसलो होतो मी."

जिन्यात माकुळांचा वास दाटून आला होता. ओनुमा-सान गुडघे चोळत राहिले. "माझ्याकडे एक प्रत आहे," ते म्हणाले. "खुर्च्या वाहिल्या म्हणून काने-सानने दिली होती. पाकीटसुद्धा उघडलेलं नाही."

"राहू द्या. ती उघडली की तुमच्या जिवाला किती लागेल, मला माहीत आहे."

"लागेल. पण उघडतो. मास्टरांनी मागितली असती ना, तर उघडली नसती."

४

शनिवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, ते आले. पाकीट तांदळाच्या कागदाचं, तोंड खळीने चिकटवलेलं. फळं कापायच्या सुरीने त्यांनी ते उघडलं. चाळीस वर्षं न उघडलेली वस्तू उघडताना संग्राहकाची नजर तिच्यावरून हलत नाही, पण आज ते कागदाकडे बघत नव्हते, खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघत होते.

आधी त्यांची प्रत लावली. काडी ओढल्याचा आवाज आला. बूट करकरले, पर्स मिटली. चौदाव्या मिनिटाला काने थांबली. दोघांनी श्वास धरला. ती शांतता अगदी नितळ होती. कोणी खोकलं नाही, आधी नाही, नंतर नाही, बाजू संपून अकरा जणांच्या टाळ्या झाल्या तरी नाही.

मग फुमिएची लावली. तीच काडी, तेच बूट. चौदावं मिनिट आलं आणि गेलं. तीही तितकीच नितळ.

सुई उचलल्यावर ओनुमा-सान मोठ्याने हसले, सुटल्यासारखे. "ऐकलंत? दोन्ही सारख्या. फुमिए-सान, एकटं राहिलं की असं होतं. माझी बहीण भाऊजी गेल्यावर दोन वर्षं दोन माणसांचा भात लावायची. तुम्ही कॉफी लावलीत, एवढंच."

"असेल," फुमिए म्हणाली.

"असेल काय, आहेच. ही तुमची मी नेतो. आमच्याकडे बाजा वाजवायला बंदीच आहे, हिचे नियम तुमच्या मास्टरांपेक्षा कडक. माझी तुमच्याकडे राहू दे. ती स्वच्छ आहे." त्यांनी रेकॉर्ड फडक्यात गुंडाळली, वर सुतळीच्या तीन गाठी मारल्या आणि एकेक पायरी मोजत खाली गेले.

ओनुमा-सानना हायसं वाटलं होतं. फुमिएला वाटलं नाही. तीन वर्षं जो खोकला त्या रेकॉर्डमध्ये होता तो आता तिथे नाही, एवढंच तर सिद्ध झालं होतं.

५

रविवारी दुकान बंद असायचं. तो सगळा दिवस ती वर पडून राहिली. आधी लाज वाटली, मग राग आला. तीन वर्षं रोज आपण पाणी तापवलं, पेला पुसला, प्रेमाने नेऊन ठेवला, तो कोणापुढे? आणि संध्याकाळी मास्टर दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटून ती ओक्साबोक्शी रडली. खोटा का असेना, पण तेवढा एक आवाज होता. आता तोही नाही.

सोमवारी तीनला दुकान रिकामं होतं. रेकॉर्ड लावायची नाही असं तिने ठरवलं होतं. पण तीन वाजले, पाच मिनिटं झाली, दहा झाली, आणि ती शांतता काही सोसवेना. त्यात नुसती बसून राहिले तर कान उगाच काहीतरी शोधत बसतील, असं तिच्या मनाने घेतलं. ओनुमा-सानची प्रत आहे ना, ती स्वच्छ आहे. ओट्याच्या टोकाला काचेच्या पेटीत रेकॉर्ड लावायचं यंत्र होतं. तिने पेटीचं दार उघडलं, सुई ठेवली, दार लावलं. त्या दाराची बिजागरी बारीक कुरकुरायची. मास्टर दर वर्षी तेल घालायचे, तीन वर्षांत कोणी घातलं नव्हतं.

कॉफी करायची नाही, हेही ठरलेलं होतं. ती खोलीकडे पाठ करून शेगडीपाशी उभी राहिली आणि पेले पुसायला लागली. समोर पेल्यांचं काचेचं कपाट. किटली नुसती सवयीने ठेवली होती.

काडी. बूट. पर्स. काने खाली खाली जात राहिली. चौदाव्या मिनिटाला थांबली. फुमिएच्या हातातलं फडकं थांबलं. डाव्या स्पीकरमध्ये काही नाही, उजव्यात काही नाही. किटली उकळायला लागली होती, तिचीच काय ती सूं सूं. मग काने पुन्हा वाजवू लागली आणि फुमिएने सोडलेला श्वास तिचा तिलाच ऐकू आला. झालं. संपलं एकदाचं.

मागे कोणीतरी खोकलं.

स्पीकरमधून नाही. ओट्यापलीकडच्या उंच स्टुलावरून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून. हळूच, एकदा. कॉफी हवी असलेल्या गिऱ्हाइकासारखं.

तिने मागे बघितलं नाही. ऐकणाऱ्याकडे बघायचं नाही, हा नियम तिच्या मानेत इतकी वर्षं मुरलेला. तिचा हात आपणहून किटलीकडे गेला, पाणी ओतलं गेलं, पेला भरला. वाफ उठून समोरच्या कपाटाची काच वरून धुरकट झाली, खालची तेवढी स्वच्छ राहिली. तिच्यात ओटा दिसत होता, आणि ओट्यावर, पेला ठेवायच्या जागेच्या शेजारी, उताणा ठेवलेला एक हात. डावा. घाई नसलेला. वर जिथे चेहरा असायला हवा तिथे वाफ होती, आणि त्या वाफेबद्दल फुमिएने मनोमन आभार मानले.

"फुमिए."

आवाज मास्टरांचा होता. तंतोतंत. नावाच्या शेवटी जरासा फाटणारा, पहाटे पाणी मागताना यायचा तसा. या एका हाकेसाठी तिने तीन वर्षांत काय दिलं नसतं? तिचे डोळे भरून आले. खांदा वळलासुद्धा.

आणि काने वाजवतच होती.

फुमिएने समोरच्या कपाटाची कड घट्ट धरली. हा माणूस भूकंपात बोलला नाही. लग्नाचं विचारायला बाजू संपेपर्यंत थांबला. रेकॉर्ड फिरत असताना मास्टर जन्मात एक शब्द बोलले नव्हते. तिने डोळे मिटले, दात आवळले. आठ मिनिटं उरली होती. आठ मिनिटं उभं राहायचं, वळायचं नाही, ओ द्यायची नाही. मास्टरांनी नव्हती दिली. मग जिना उतरून सरळ ओनुमा-सानच्या घरी. अकरा जणांच्या टाळ्या ऐकू आल्या की निघायचं.

पुन्हा हाक आली नाही. मागची स्वस्थता बराच वेळ टिकली. कोणीतरी काहीतरी विचारात घेत असावं, तशी.

मग स्टूल किंचित सरकलं. पायांचा आवाज झाला नाही. ओट्याच्या टोकाला काचेच्या पेटीची बिजागरी बारीक कुरकुरली. सुई उचलल्याचा टक् असा आवाज झाला, आणि काने मध्येच, एका सुरावर, गप्प झाली.

सुई जागेवर ठेवली गेली. पेटीचं दार लागलं. दुकानात आता कसलाच आवाज नव्हता.

मग हाक आली, नियमाप्रमाणे.

"फुमिए."